सॉफ्टवेअर रचण्याच्या निरनिराळ्या पद्धति

गेल्या पालकसभेच्या वेळीं एका गृहस्थांनीं आम्हांस एक प्रश्न केला. त्यांचे थोरले चिरंजीव पुण्यास हिंजवडी येथें एका सॉफ्टवेअर कंपनींत नोकरीस आहेत. ते म्हणाले, "सर, मुलगा दर पंधरा दिवसांनीं सांगतो कीं, स्प्रिंट संपला, आणि दुसऱ्याच दिवशीं नवा स्प्रिंट सुरू! हें काम कधीं पुरें होतें कीं नाहीं?" प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. घाईच्या वेळीं त्याचें नीट उत्तर देतां आलें नाहीं, तें येथें देतों.

सॉफ्टवेअर लहान असो वा मोठें, त्याच्या आयुष्यांत ठराविक कामें यावयाचींच. ज्याला तें हवें आहे त्याची गरज समजून घ्यावयाची, आराखडा करावयाचा, प्रोग्रॅम लिहावयाचा, तो तपासावयाचा, आणि वापरणाऱ्याच्या हातीं देऊन पुढें दुरुस्त करीत राहावयाचें. याविषयीं कोणाचा वाद नाहीं. वाद आहे तो इतकाच कीं, हीं कामें एकामागून एक, प्रत्येक एकदांच पुरें करून, करावीं. कीं कामाचा थोडथोडा भाग घेऊन या सर्वांची फेरी पुन्हां पुन्हां करावी? पहिल्या पद्धतीस 'वॉटरफॉल' म्हणजे धबधबा असें नांव आहे. पाणी एका पायरीवरून खालच्या पायरीवर पडतें, तें परत वर चढत नाहीं. दुसऱ्या प्रकारांत अनेक पद्धति आहेत, व त्यांपैकीं आज सर्वांत प्रसिद्ध असलेल्या कुळाला 'अजाइल' म्हणजे चपळ असें म्हणतात.

धबधब्याची पद्धति प्रथमदर्शनीं किती शहाणपणाची वाटते! आम्ही स्वतः वर्गांत निबंधाआधीं मुद्दे काढावयास सांगतोंच. परंतु तिच्यांत अडचण कोठें आहे, तें आम्ही आमच्याच शाळेंत शिकलों. कांहीं वर्षांपूर्वीं निकालपत्रकें तयार करण्यासाठीं आम्हीं शहरांतील एका मंडळीकडून प्रोग्रॅम करून घेतला. मे महिन्याच्या सुटींत आम्हीं चार शिक्षक व कारकून यांनीं बसून काय काय हवें त्याची यादी करून दिली. मार्चांत प्रोग्रॅम आला. पहिलींच निकालपत्रकें छापलीं, तों आठवींतील एक चांगली हुशार मुलगी नापास! ती पहिल्या सहामाहींत विषमज्वरानें अंथरुणास खिळून होती. अशा वेळीं आम्ही दुसऱ्या सहामाहीच्याच गुणांवरून निकाल लावतों. प्रोग्रॅमनें मात्र पहिल्या सहामाहीचीं शून्यें धरलीं होतीं. निकालपत्रक घरीं जाण्यापूर्वीं कारकुनांच्या ध्यानांत आलें म्हणून बरें. आमचा राग प्रथम त्या मंडळीवर गेला. पण यादी काढून पाहतों तों हा नियम तींत कोठेंच नव्हता. आमच्यापैकीं प्रत्येकाला तो इतका पाठ होता कीं, तो सांगावयास हवा हें एकालाही सुचलें नाहीं.

यावरून मुलांनीं आमच्या सांगण्याचें मर्म ओळखावें. काय हवें हें पुष्कळदां मागणाऱ्यालाच ठाऊक नसतें. तयार वस्तु हातीं आल्यावर तें त्याला समजतें. धबधब्याच्या पद्धतींत ती वस्तु हातीं येते सर्वांच्या शेवटीं.

मौजेची गोष्ट अशी कीं, ज्यांना या पद्धतीचे जनक म्हणून पुष्कळ पुस्तकें दाखवितात, त्या अमेरिकन इंजिनिअर विन्स्टन रॉइस यांनीं तिचा पुरस्कार केलाच नव्हता. १९७० सालीं त्यांनीं मोठ्या सॉफ्टवेअरच्या व्यवस्थेवर एक निबंध वाचला. त्यांत पायऱ्यापायऱ्यांची आकृति आहे खरी. परंतु तिच्याखालींच त्यांनीं असें बजाविलें आहे कीं, हा मार्ग धोक्याचा आहे, कारण तपासणी शेवटीं येते व तेव्हां मूळचा आराखडाच चुकला असें दिसलें तर सारें काम पुन्हां आरंभावर येतें. नवें काम असेल तर तें एकदां लहान प्रमाणावर करून पाहावें, मग खरें करावें, व गिऱ्हाइकाला मधून मधून सामील करून घ्यावें, असा त्यांचा सल्ला होता. निबंधांत 'वॉटरफॉल' हा शब्दही नाहीं. पण लोकांनीं आकृति उचलली आणि खालचा मजकूर सोडला. (हा दोष आमच्या विद्यार्थ्यांतही आढळतो!) १९८५ सालीं अमेरिकेच्या संरक्षण खात्याची जी नियमावलि निघाली, तिचा अर्थही ठेकेदार लोकांनीं धबधबा असाच घेतला, १९९४ सालीं ती बदलावी लागली.

याचा परिणाम किती महाग पडतो, हें अमेरिकेच्या 'एफ. बी. आय.' या तपास खात्याच्या अनुभवावरून कळेल. या खात्याचीं प्रकरणें कागदी फायलींत असत. २००१ सालच्या सप्टेंबरांतील भयंकर हल्ल्यांनंतर तीं संगणकावर आणण्याची निकड सर्वांस पटली. 'व्हर्च्युअल केस फाइल' या नांवाच्या सॉफ्टवेअरचें काम त्याच वर्षीं जूनमध्यें दिलें गेलें होतें. गरजांची यादी आठशें पानांवर गेली, आणि जुनी व्यवस्था बंद करून नवी एकदम सुरू करावयाची असें ठरलें. २००३ च्या डिसेंबरांत काम हातीं आलें तें खात्याला पसंत पडलें नाहीं, आणि २००५ सालीं सुमारें १७ कोटि डॉलर खर्च होऊन तें सोडून द्यावें लागलें. दोष केवळ पद्धतीचा होता असें म्हणणें अन्यायाचें होईल; मागण्या सारख्या बदलत होत्या आणि अधिकारीही बदलत होते. परंतु बदल होणारच हें गृहीत धरण्याची सोयच त्या पद्धतींत नव्हती.

२००६ सालीं 'सेंटिनेल' या नांवानें नवा प्रयत्न सुरू झाला. या वेळीं कामाचे चार टप्पे पाडले; पण टप्पे मोठमोठे होते. २०१० पर्यंत ४५ कोटि १० लक्ष डॉलरांपैकीं सुमारें ४० कोटि ५० लक्ष खर्चून दोनच टप्पे पुरे झाले. तेव्हां खात्यानें काम स्वतःच्या देखरेखीखालीं घेतलें, माणसें कमी केलीं, व दोन दोन आठवड्यांचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याच्या अखेरीस चालतें काम दाखवावयाचें असें ठरविलें. २०१२ च्या जुलैंत सेंटिनेल सर्व खात्यांत सुरू झालें. हा दोन आठवड्यांचा तुकडा म्हणजेच त्या चिरंजीवांचा स्प्रिंट होय. स्प्रिंट संपला म्हणजे काम संपलें असें नव्हे. तेवढा भाग गिऱ्हाइकाला दाखविण्याजोगा झाला, इतकेंच.

या दोन टोकांच्या मधली एक पद्धति बॅरी बेम यांनीं १९८० नंतरच्या दशकांत मांडली. तिला मळसूत्री पद्धति म्हणतां येईल. तिच्यांत प्रत्येक फेरीच्या आरंभीं सर्वांत मोठा धोका कोणता तें शोधावयाचें व आधीं त्याचाच बंदोबस्त करावयाचा. 'अजाइल' हें नांव २००१ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील यूटा संस्थानांत जमलेल्या सतरा जणांनीं ठरविलें. लेखी कागदपत्रांपेक्षां चालतें सॉफ्टवेअर अधिक मोलाचें, असें त्यांनीं जाहीर केलें. कागदपत्रें नकोतच असें मात्र ते म्हणाले नाहींत. त्यांचें नांव सांगून आळसानें कांहींच न लिहिणारे लोक आहेत, त्यांना त्या जाहीरनाम्याचा आधार नाहीं.

कोणी म्हणेल, निकालपत्रकाचें ठीक आहे, पण जेथें एका चुकीनें माणसें प्राणास मुकतील तेथें थोडें थोडें करून कसें चालेल? अमेरिकेच्या अवकाशयानाचें, स्पेस शटलचें, मुख्य सॉफ्टवेअर १९७७ ते १९८० या काळांत ३१ महिन्यांत तयार झालें, आणि तें सतरा फेऱ्यांत. यानाच्या गरजा काम चालू असतांनाच बदलत होत्या, म्हणून एकदांच सर्व ठरविणें शक्य नव्हतें. प्रत्येक बदलाची नोंद मात्र तेथें फार कसोशीनें ठेवीत. फेऱ्या आणि शिस्त यांत विरोध आहे असें आम्हांस वाटत असे, तो समज या उदाहरणानें गेला.

आमच्या निकालपत्रकाचें म्हणाल तर, पुढच्या वर्षीं आम्हीं त्याच मंडळीला विनंति केली कीं, सर्व शाळेचें एकदम करूं नका, आधीं आठवीच्या एका तुकडीचें ऑगस्टांतच करून दाखवा. पहिल्याच शनिवारीं कारकुनांनीं पांच उणिवा काढल्या. त्यांतील तीन आम्हीच सांगावयास विसरलों होतों.