बर्फातील विवर आणि वऱ्हाडातील डोह

ज्या मुलखात वैशाखाचा पारा ४५ अंशांची मर्यादा ओलांडतो आणि नद्यांची पात्रे जागोजाग उघडी पडतात, त्या वऱ्हाडातील वाचकाला गोठलेल्या सरोवरावर करवत चालवून मासे धरण्याची रीत प्रथमदर्शनी केवळ कुतूहलाची वाटेल. परंतु नजरेच्या आणि हाताच्या टप्प्यात आयत्या आलेल्या माशाशी माणसाने कसे वागावे, हा त्यामागील प्रश्न पूर्णेच्या आणि सिपनेच्या काठीही तितकाच जिवंत आहे.

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वर राहते, तेथेच गोठते, आणि त्याच्या आच्छादनाखाली उरलेले पाणी व त्यातील जीवसृष्टी हिवाळा काढते. गळ टाकणाऱ्याला या आच्छादनात वीतभर छिद्र पुरते. भाला मारणाऱ्याला मात्र खाली पाहावयाचे असते, म्हणून त्याला विस्तीर्ण विवर लागते.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील विनेबागो सरोवरावर दर फेब्रुवारीत स्टर्जन नावाच्या प्राचीन कुळातील महाकाय माशासाठी अशी विवरे कापली जातात. सरोवर फार उथळ, खोल जागीही एकवीस-बावीस फुटांचे. त्यामुळे विवरावर काळोखी झोपडी उभारून आत बसले की सभोवतीच्या बर्फातून झिरपणाऱ्या उजेडाने पाणी उजळते आणि पाणी निवळ असेल तर तळ दिसतो. लाकडी आमिषमासा दोरीने सोडून, भाला हाती धरून, शिकारी तासन्‌तास त्या पाण्यावर दृष्टी लावून बसतो. कित्येकांचा सारा हंगाम मासा न दिसताच सरतो.

विवर कापण्याची युक्ती मोठी मनोज्ञ आहे. सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि फूटभर जाडीचा बर्फाचा ठोकळा सहाशे किलोंहून अधिक भरतो. तो उचलून बाहेर काढणे दोघाचौघांचे काम नव्हे. पण बर्फ पाण्याहून थोडेच हलके असल्यामुळे तोच ठोकळा पाण्यात दाबण्यास साठेक किलोंचा भार पुरतो. म्हणून जाणते लोक करवत किंचित तिरपी धरून विवर खालच्या बाजूस रुंद ठेवतात, आणि सुटलेला ठोकळा एका कडेने दाबून शेजारच्या बर्फाखाली सरकवून देतात.

इतके मोठे विवर पाडण्याची मुभा विनाशर्त नाही. त्याचे क्षेत्रफळ ४८ चौरस फुटांपलीकडे नेण्यास मनाई आहे. झोपडी हलविल्यावर मागे राहिलेले विवर रात्री नुसत्या पातळ पापुद्र्याने झाकले जाते आणि वरून जाणाऱ्याचा जीव घेऊ शकते, म्हणून तेथे ठळक खूण उभारावी लागते. स्टर्जनची मादी वयाच्या विशीनंतर कधीतरी प्रथम अंडी घालते आणि शंभरीपर्यंत जगू शकते. अविचारी मासेमारीने ही जात विरळ झाली तेव्हा १९१५ मध्ये तिच्या शिकारीवर बंदी आली. ती बंदी पुढे उठली, पण आजही परवानाधारकास हंगामात एकच मासा मिळतो, तो छत्तीस इंचांहून आखूड चालत नाही, प्रत्येकाची नोंद सक्तीची असते, आणि ठरलेली संख्या भरत आली की मुदतीपूर्वीच हंगाम बंद होतो. २०१० मध्ये येथे २१२ पौंडांहून वजनदार स्टर्जन मिळाला. माझ्या मते तो या शिस्तीचाच पुरावा होय, कारण एवढा मासा घडण्यास कित्येक दशकांचा संयम लागतो.

आपल्याकडे पाणी गोठत नाही, ते आटते. चैत्रानंतर मरळ, वाम, शिंगाळा उरलेल्या डोहांत एकवटतात, आणि पुढील पावसाळ्यात नदी पुन्हा भरेल ती याच उरलेल्या बीजावर. विष कालवून किंवा सुरुंग उडवून मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने मनाई केली आहे. पण जाळ्याने सारा डोह उपसला तरी त्यातील बीज तितकेच नष्ट होते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील अशा डोहांची नावनिशीवार नोंद सरकारी दप्तरी व्हावी, उन्हाळ्यात काही डोह पूर्णतः राखीव असावेत, उरलेल्यांतून किती मासे काढावयाचे याची हद्द ठरावी, आणि ती ठरविताना डोहांची खोली पिढ्यान्‌पिढ्या जाणणाऱ्या भोई मंडळींचा शब्द प्रथम ऐकला जावा.