पडद्याअलीकडची चिठ्ठी

फॅमिली डॉक्टरकडून हवी असते ती एक चिठ्ठी. तीवर चार नावं: टोटल टेस्टोस्टेरॉन, सीबीसी, लिव्हर फंक्शन, लिपिड प्रोफाइल. यातलं डोंबिवलीला नवं काहीच नाही. पीसीओडी असलेल्या मुली, मूल होत नाही म्हणून आलेली जोडपी, यांचं टेस्टोस्टेरॉन इथल्या लॅब नेहमी मोजतात. अडतं ते चिठ्ठी कशासाठी हवी हे सांगताना. दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीला दार नसतं, पडदा असतो, आणि पडद्यापलीकडे बाकावर सोसायटीतल्या काकू नंबर लावून बसलेल्या असतात.

चिठ्ठी नसली तरी रक्त काढून देणाऱ्या लॅब आहेतच. मग डॉक्टर कशाला? रिपोर्ट वाचायला. टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी माझा आवाज फुटला, दाढी आली. पण त्याबरोबर रक्तातल्या तांबड्या पेशीही वाढतात. रिपोर्टवर पीसीव्ही म्हणून छापलेला आकडा त्यांचा. तो ५४ टक्क्यांपुढे गेला तर रक्ताच्या गुठळ्यांची धास्ती, मग डोस कमी करायचा किंवा थांबवायचा. म्हणून पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी तपासणी, पुढे वर्षातून एकदोनदा.

यासाठी कल्याणला खास जागा होती. हैदराबादला २०२१ साली मित्र क्लिनिक सुरू झालं, पाठोपाठ कल्याण आणि पुण्यात. काम करणारे बरेचसे ट्रान्सजेंडर समाजातलेच, त्यामुळे पहिल्यापासून सगळं समजावत बसावं लागत नसे. पैसा अमेरिकेचा. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने परदेशी मदत गोठवली आणि तिन्ही बंद पडली. हैदराबादचं पुढे टाटा ट्रस्टच्या मदतीने ‘सबरंग’ नावाने उघडलं. हार्मोन उपचारांची सोय सरकारने करावी, असं २०१९ च्या ट्रान्सजेंडर हक्क कायद्याचं पंधरावं कलम सांगतं. माझे एंडोक्रायनॉलॉजिस्ट मात्र मुंबईत, म्हणजे एका सीबीसीसाठी सकाळच्या फास्ट लोकलमध्ये लोंबकळायचं. त्यापेक्षा डॉक्टरकाका बरे. लहानपणीच्या लसी त्यांनीच टोचल्यात.

“काका, मी टेस्टोस्टेरॉन घेतोय. हे मोठ्या डॉक्टरांचं पत्र. दर तीन महिन्यांनी एवढ्या तपासण्या लिहून द्याल?”

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. “यातलं मला फारसं कळत नाही,” म्हणाले. मला हे उत्तर आवडलं. कळत नसताना कळल्यासारखं करणारा डॉक्टर जास्त महागात पडतो. पत्रात सगळं होतं: कोणत्या तपासण्या, टेस्टोस्टेरॉन ४०० ते ७०० मध्ये हवं, कोणता आकडा दिसला की फोन करायचा. रक्त कधी द्यायचं, तेही. इंजेक्शननंतर लगेच दिलं तर आकडा फुगलेला, पुढच्या इंजेक्शनच्या आदल्या दिवशी दिलं तर पडलेला. म्हणून दोन तारखांच्या मधोमध. काकांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर दिवस मोजले आणि तारीख चिठ्ठीवर घातली. बोलण्यात दोनतीनदा ‘अगं’ आलं, एकदा ‘अरे’.

लॅबच्या फॉर्मवर आधार कार्डाप्रमाणे ‘स्त्री’ लागलं. त्या एका रकान्यावरून सॉफ्टवेअर नॉर्मल रेंज ठरवतं. टेस्टोस्टेरॉन ५४०, म्हणजे अगदी हवं तिथे. पण बायकांची रेंज शंभराच्याही आत संपते, त्यामुळे आकडा ठळक आणि पुढे वर जाणारा बाण. हिमोग्लोबिन १६.४, त्यालाही बाण. रिपोर्टआधी फोन आला: “ताई, सॅम्पल परत द्यायला याल का? बहुतेक अदलाबदल झालीय.” त्या मुलीची चूक नव्हती, उलट तिने नीट पाहिलं होतं. पुढच्या चिठ्ठीवर काकांनी स्वतःहून लिहिलं: टेस्टोस्टेरॉन उपचार चालू, पुरुषांची रेंज लावावी.

बाण गेले, एक सोडून. पीसीव्ही ५१. काकांनी चष्मा वर सरकवला.

“सिगरेट ओढतोस?”

हे मला एंडोक्रायनॉलॉजिस्टनेही विचारलं नव्हतं. दिवसाला चारपाच, मी म्हणालो. घोरतोस का, हेही विचारलं. दोन्हींनी पीसीव्ही चढतो म्हणे. डोसचं मोठ्या डॉक्टरांना विचारू, तोवर सिगरेट बंद, महिन्याने परत सीबीसी. आणि आवाज उतरवून म्हणाले, आईला सांगत नाही. सिगरेटचं. बाकीचं आईला केव्हाच माहीत होतं.