कुंटाल्याचं पाणी, रशियन 'वदा'

आदिलाबाद जिल्ह्यात पाण्याला शब्दांची टंचाई नाही. कडम नदीवरच्या कुंटाला धबधब्यापाशी उभं राहा: मराठीत 'पाणी', तेलुगूत 'नीळ्ळु' (तेही व्याकरणानं अनेकवचनी!), गोंडीत 'येर'. आणि रशियन शिकायला घेतली, तर तिथे 'वदा'.

लिहिताना पहिलं अक्षर 'वो'; पण जोर 'दा'वर असल्यानं बोलताना त्या 'ओ'चा 'अ' होतो. हाच शब्द वाक्यात कर्म झाला की जोर मागे सरकतो, 'ओ' परत येतो: 'वोदू'. नवखे इथेच अडखळतात.

'एता वदा' म्हणजे 'हे पाणी'. 'आहे' लागत नाही. थोडं पाणी मागायचं तर षष्ठी वापरून 'दाइत्ये वदी'. त्यातली 'ई' जीभ मागे ओढून म्हणायची. रशियनची तीन लिंगं मराठी माणसाला नवी नाहीत. फक्त आपलं पाणी नपुंसकलिंगी, त्यांचं स्त्रीलिंगी, म्हणून स्वच्छ पाणी म्हणजे 'चीस्तया वदा'.

संस्कृत 'उदक' याच घराण्यातलं. आणि हो, 'वोदका' हे 'वदा'चंच लघुरूप, लाडाचं.