सर्दी झाली की लगेच अँटिबायोटिक? पोटातल्या जिवाणूंचं काय होतं ते वाचा

पावसाळ्यात सर्दी-खोकला झाला की बरेच जण मेडिकलवरून 'पॉवरवाली गोळी' आणतात. पण साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिक गोळी विषाणूंवर चालतच नाही. ती मारते जिवाणूंना, त्यात पोटातले चांगले जिवाणूही आले.

आपल्या मोठ्या आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. भाकरी, डाळी, पालेभाज्यांतला न पचलेला चोथा हे त्यांचं खाणं. त्यापासून ते जी आम्लं बनवतात, त्यावर आतड्याचं अस्तर पोसलं जातं. तणनाशक उभ्या पिकावर पडावं, तसं या गोळीनं होतं. चांगले जिवाणू मरतात, रिकाम्या जागेत त्रासदायक जिवाणू फोफावतात. म्हणूनच काहींना गोळ्यांनंतर जुलाब लागतात. घडी पुन्हा बसायला कित्येक आठवडे जातात.

काय करावं?

- पाकिटावर लाल उभी रेघ असेल, तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गोळी घेऊ नका.
- डॉक्टरांनी दिली असेल, तर सांगितले तितके दिवस घ्या. उरलेली दुसऱ्याला देऊ नका.
- रोजच्या जेवणात ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, ताजं ताक ठेवा.
- जुलाब थांबत नसतील किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.