भरत नाही ते भोक

कानाचा पडदा जेमतेम सेंटिमीटरभर रुंद आणि मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाइतका जाड. एवढ्यातही तीन थर: बाहेर कातडी, मधे तंतू, आत मधल्या कानाचं नाजूक अस्तर. कानशिलात जोरात बसली किंवा काडी आत गेली की पडदा फाटतो. पण कान कोरडा ठेवला तर बहुतेकांचा काही आठवड्यांत आपणहून भरून येतो. खरी पंचाईत वर्षानुवर्षं कान वाहणाऱ्यांची. त्यांच्या भोकाच्या कडेवर बाहेरची कातडी वळून आतल्या अस्तराला मिळते आणि कड मिटते. शरीराच्या लेखी जखम बरी झाली, भोक मात्र कायम.

ते झाकायची धडपड जुनी आहे. 1640 मध्ये बान्झर यांनी डुकराच्या मूत्राशयाचा पापुद्रा नळीवर ताणून कानात बसवला. 1887 मध्ये बॉस्टनच्या ब्लेक यांनी कागदाचा तुकडा चिकटवला. 1950 च्या दशकात जर्मनीत वुलस्टाइन आणि झोलनर यांनी आजच्या शस्त्रक्रियेचा पाया घातला. आता बहुधा कानावरच्या स्नायूचं पातळ आवरण काढून तिथे लावतात.

जपानने वेगळी वाट धरली. वैज्ञानिक गॉस्पोडारोविच यांना 1974 मध्ये गाईबैलांच्या पियुषिका ग्रंथीच्या अर्कात पेशींना वाढायला लावणारं एक प्रथिन सापडलं होतं. ग्रंथी संप्रेरकांची, पण हे प्रथिन रक्तातून दूर न जाता जागच्या जागी काम करतं. त्याचंच औषध, ट्रॅफरमिन, जपानमध्ये आधी त्वचेच्या न भरणाऱ्या जखमांवर फवारायचे. डॉक्टर शिन-इची कानेमारू आणि सहकाऱ्यांनी ते कानात नेलं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात औषध मिळालेल्या 53 जणांपैकी 52 जणांचं भोक बुजलं, औषधाविना 10 पैकी एकाचंच. 2019 मध्ये ‘रिटिम्पा’ या नावाने त्याला जपानमध्ये मान्यता मिळाली.

सूक्ष्मदर्शकाखाली डॉक्टर आधी पडदा बधिर करतात आणि बारीक हत्याराने भोकाची मिटलेली कड खरवडतात. जुनी, शांत झालेली जखम मुद्दाम ताजी करायची! मग औषधात भिजवलेला जिलेटिनचा स्पंज भोकात बसवायचा आणि वरून फायब्रिनच्या गोंदाचे थेंब सोडायचे. कानामागे चिरा नाही, पूर्ण भूल नाही. काही आठवड्यांनी तपासायचं. भोक उरलं तर पुन्हा, जास्तीत जास्त चार वेळा.

मला या उपचाराचं फार अप्रूप आहे, म्हणूनच पुढचं सांगायला हवं. अमेरिकेत नंतर झालेल्या दुहेरी अंध चाचणीत (कुणाला काय दिलं हे डॉक्टरांनाही ठाऊक नाही आणि रुग्णांनाही नाही) हे औषध नुसत्या स्पंजापेक्षा सरस ठरलं नाही. माझ्या मते श्रेयाचा मोठा वाटा त्या खरवडलेल्या कडेला आणि पेशींना आधार देणाऱ्या, ओल धरणाऱ्या स्पंजाला जातो. तुलनेसाठी घेतलेले दहाच रुग्ण हा 2011 च्या अभ्यासाचा कच्चा दुवा होता.

ट्रॅफरमिनचं प्रथिन जागच्या जागी काम करणारं; इन्सुलिन हे तर नावाजलेलं संप्रेरक. तेही फाटलेल्या पडद्यावर लावून पाहिलं गेलंय, आधी प्राण्यांत, मग माणसांत. पण ताजा फाटलेला पडदा एरवीही भरतोच, त्यामुळे तिथे तुलना आणखी कडक हवी. घरात मधुमेहासाठी इन्सुलिनची कुपी आहे म्हणून तिचे थेंब कुणी कानात घालू नयेत. जपानी औषधही वाहत्या कानात घालत नाहीत: आधी संसर्ग आटोक्यात आणतात, आणि त्या जागी कर्करोग असेल तर पेशी वाढवणारं हे औषध पूर्ण वर्ज्य.