गळाला काय लागलं आणि पाण्यात काय आहे?

समजा, बिबवेवाडीतले 4 हौशी मित्र गळ घेऊन उजनीला गेले. तिघांनी रबरी बेडूक लावला, त्यांना मरळ मिळाली. चौथ्याने कणकेची गोळी लावली, त्याला रोहू. मग उजनीत मरळच जास्त, असं म्हणायचं का?

नाही! मरळ शिकारी, हलत्या भक्ष्यावर झेपावते. मुख्यतः वनस्पती खाणारा रोहू बेडकाकडे सहसा ढुंकूनही बघत नाही. म्हणजे सॅम्पल आमिषानेच निवडलं. याला साधनाची निवडकता म्हणतात.

म्हणून नुसते मासे मोजू नका. आमिष, गळ आणि तासही लिहा. 4 गळ, 3 तास, 6 मासे, म्हणजे एका गळामागे तासाला अर्धा मासा. रिकाम्या हाताने परतलात, तरी तो शून्य वहीत हवाच.

तुमची प्रश्नावली म्हणजेही गळच. तिला कोण लागणारच नाही, हे सर्व्हेआधी तपासा.