इंजिनिअरिंगमधून क्वांटकडे : सोबत काय न्यायचं, मागे काय ठेवायचं

"मी इंजिनिअर आहे, क्वांट होऊ शकतो का?" हा तुमच्यापैकी अनेकांचा प्रश्न. मीही मेकॅनिकलकडून इकडे आलो, म्हणून कामाचं तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट, बरंचसं गणित तुमच्याकडे आधीच आहे. १९७३ साली ब्लॅक आणि शोल्स यांनी ऑप्शनच्या किमतीचं समीकरण मांडलं. त्यातली चलं बदलली की उरतं ते उष्णतावहनाचं समीकरण. लोखंडी सळईत उष्णता कशी पसरते, तेच!

मग अवघड काय? तुम्ही मोजली म्हणून सळईची उष्णतावाहकता बदलत नाही. बाजारात मात्र फायद्याची जागा सापडली की आणखी चार जण तिथे येतात आणि फायदा आटतो. शिवाय २००८ सालचं संकट प्रयोगशाळेत पुन्हा घडवता येत नाही.

आता हे उदाहरण बघा. जुन्या भावांवर तुम्ही खरेदी-विक्रीचे १०० नियम तपासले. समजा, सगळेच निरुपयोगी आहेत. ५ टक्क्यांची कसोटी लावली तरी सुमारे ५ नियम निव्वळ योगायोगाने 'पास' होतील. त्या पाचांच्या भरवशावर नोकरी सोडायची? म्हणून काही डेटा सुरुवातीलाच बाजूला ठेवा आणि शेवटी एकदाच उघडा. दलाली आणि कर वजा करा. शंभर रुपयांमागे १० पैसे मिळवून देणारा नियम १२ पैसे खर्चात तोट्याचाच.

आणि स्वतःच्या पैशाने ऑप्शन खेळणं म्हणजे क्वांटची नोकरी नव्हे. सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार, तीन आर्थिक वर्षांत वायदे-ऑप्शनमधल्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर्सना तोटा झाला. घराचा हप्ता त्यावर लावू नका.

मग करायचं काय? पगार चालू ठेवून संभाव्यता, संख्याशास्त्र आणि पायथन पक्कं करा. एक ऑप्शन-किमतीचं मॉडेल आणि एक प्रामाणिक चाचणी स्वतः लिहा. फसलेली असली तरी चालेल, ती का फसली हे सांगता आलं पाहिजे. मुंबई, बेंगळुरूच्या बँकांमध्ये जोखीम मोजणारे आणि मॉडेल तपासणारे विभाग असतात. इंजिनिअरला तिथून आत शिरणं तुलनेने सोपं. "हे उत्तर चुकीचं कधी ठरेल?" असं विचारायची आपली सवय तिथे रोज कामाला येते.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. भेटू पुढच्या भागात.